डोंगरवाटेवरची शाळा : जॉन म्यूर



आपल्या पत्रिकेच्या या पानावर आपण थोर व्यक्तींची ओळख करून घेतो. या वेळी जरा दूरदेशी जाऊ. जॉन म्यूर स्कॉटलंडमध्ये जन्मले, अमेरिकेत वाढले आणि कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत रमले. अमेरिकेत त्यांना राष्ट्रीय उद्यानांचे जनक म्हणून मान आहे. परंतु त्यांची ही मोठी ओळख आपण थोडा वेळ बाजूला ठेवू. पहाटे उठून, खिशात पावाचा तुकडा टाकून, कधी एकटे तर कधी एखाद्या कुत्र्याच्या सोबतीने डोंगर चढणारे आणि वाटेत एखादे पाखरू दिसले की तासन्‌तास थांबणारे म्यूर आपल्याला पाहायचे आहेत. पाहणे हीसुद्धा एक शिकावी लागणारी विद्या आहे, हे त्यांच्या आयुष्यावरून फार चांगले समजते.

डनबारचे आकाश

जॉन म्यूर यांचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डनबार या गावी झाला. आठ भावंडांत त्यांचा क्रमांक तिसरा. वडील डॅनियल म्यूर अत्यंत धार्मिक आणि तितकेच कडक. शाळेतही छडीचा सुकाळ. पाठांतर चुकले की शाळेत मार आणि न सांगता भटकायला गेले की घरी मार. तरीही छोटा जॉन संधी मिळताच समुद्रकाठी आणि शेतांत पळायचाच.

त्या गावच्या मुलांचा एक खेळ होता. कुरणात उताणे पडायचे आणि स्कायलार्क पक्षी गात गात वर चढू लागला की त्याच्यावर नजर लावून ठेवायची. स्कायलार्क हा आपल्या चंडोलाच्या कुळातला पक्षी. तो जमिनीवरून उडतो, वर वर चढत जातो आणि शेवटी पक्षी दिसेनासा होतो, नुसते गाणे ऐकू येत राहते. ज्याला तो सर्वांत शेवटपर्यंत दिसेल त्याची नजर सर्वांत तेज, असा खेळाचा नियम.

एकदा मुलांनी एक स्कायलार्क पिंजऱ्यात ठेवला. त्याला करमावे म्हणून पिंजऱ्यात मातीसकट थोडे हिरवे गवत ठेवले. तो पक्षी त्या वीतभर गवतावर उभा राहून गायचा आणि पिंजऱ्याच्या छताखालीच पंख फडफडवत आकाशात चढल्यासारखे करायचा. अखेर मुलांना ते पाहवेना. जिथे तो जन्मला होता त्या कुरणात नेऊन त्यांनी त्याला सोडून दिले आणि गात गात वर जाताना पाहिले. ही आठवण म्यूर यांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बालपणाच्या पुस्तकात लिहिली आहे. म्हणजे एक पाखरू त्यांच्या मनात साठाहून अधिक वर्षे गात राहिले होते.

आणखी एक गोष्ट आम्हा शिक्षकांना विशेष वाटते. डनबारच्या शाळेतल्या वाचनपुस्तकात अलेक्झांडर विल्सन आणि जॉन जेम्स ऑडुबॉन या पक्षीअभ्यासकांचे उतारे होते. अमेरिकेतील गरुडांच्या आणि आकाश झाकून टाकणाऱ्या प्रवासी कबुतरांच्या गोष्टी जॉनने प्रथम तिथे वाचल्या. छडी खाऊन पाठ केलेले बरेचसे विसरले गेले असेल, पण ते दोन धडे विसरले गेले नाहीत.

शेत, विहीर आणि रात्रीचा एक वाजता

१८४९ साली, जॉन अकरा वर्षांचा होत असताना, म्यूर कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे गेले. जंगल साफ करून शेत उभे करायचे होते. तिथे पोहोचताच जॉन आणि त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड यांना झाडावर निळ्या रंगाच्या जे पक्ष्याचे घरटे दिसले आणि दोघे सरसर झाडावर चढले. नव्या देशाशी त्यांची पहिली ओळख एका घरट्याने झाली. पुस्तकात वाचलेली प्रवासी कबुतरेही आता डोक्यावरून जाताना दिसू लागली. नदी वाहावी तसे त्यांचे थवे तासन्‌तास वाहत असत.

पण पाहायला सवड कमी होती. बाराव्या वर्षी जॉनच्या हाती नांगर आला. पुढे हिकरी हिल या दुसऱ्या शेतावर पाणी नव्हते, तेव्हा कातळ छिन्नी-हातोड्याने फोडत त्याने महिनोन्‌महिने एकट्याने विहीर खणली. ती ९० फूट खोल गेली. सुमारे ८० फुटांवर असताना एका सकाळी तळाशी साठलेल्या विषारी वायूने तो बेशुद्ध पडू लागला. वडिलांच्या हाकेने सावध होऊन तो कसाबसा बादलीत बसला आणि त्याला वर ओढून काढले. एक-दोन दिवसांनी तो पुन्हा त्याच विहिरीत उतरला.

रात्री जागून वाचायला वडिलांची मनाई होती. मात्र सकाळी हवे तितक्या लवकर उठण्याची परवानगी मिळाली. मुलाने ती शब्दशः घेतली आणि ऐन थंडीत रात्री एक वाजता उठू लागला. दिवसाच्या कामाआधी मिळालेल्या या वेळात त्याने वाचन केले आणि लाकडाची घड्याळे व यंत्रे घडवली. त्यातले एक यंत्र म्हणजे ठरलेल्या वेळी तिरका होऊन झोपलेल्या माणसाला पायांवर उभा करणारा पलंग! १८६० साली मॅडिसन येथील प्रदर्शनात या वस्तूंचे कौतुक झाले. पुढे तो तिथल्याच विश्वविद्यालयात शिकू लागला. तिथे एका सहाध्यायाने झाडाचे फूल हाती देऊन ते झाड वाटाण्याच्या कुळातले कसे, हे समजावले आणि वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. १८६३ साली पदवी न घेताच त्यांनी विश्वविद्यालय सोडले.

अंधाऱ्या खोलीतले दिवस

यंत्रे बनवण्याचे कसब अंगी होते, त्यामुळे इंडियानापोलिस शहरातील गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांना चांगले काम मिळाले. बढतीही समोर दिसत होती. मार्च १८६७ मध्ये यंत्राचा पट्टा सैल करताना हातातली कानस निसटली आणि तिचे टोक उजव्या डोळ्यात शिरले. त्या डोळ्याची दृष्टी गेली. थोड्याच वेळात त्या धक्क्याने डाव्या डोळ्यालाही दिसेनासे झाले. स्कायलार्कवर सर्वांत शेवटपर्यंत नजर ठेवण्याचा खेळ खेळलेला तो मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी अंधाऱ्या खोलीत पडून राहिला.

काही आठवड्यांनी दृष्टी हळूहळू परत आली. त्या अंधारात म्यूर यांना पैसा किंवा पद आठवले नाही; पुन्हा कधी न दिसणारी फुले, झाडे आणि डोंगर आठवले. परत मिळालेली दृष्टी कशासाठी वापरायची, हे त्यांनी तिथेच ठरवले. सप्टेंबर १८६७ मध्ये ते केंटकीतून पायी निघाले आणि सुमारे १,००० मैल चालून फ्लोरिडाच्या समुद्रकाठी पोहोचले. तिथे हिवतापाने त्यांना गाठले. बरे झाल्यावर क्युबा आणि पनामामार्गे मार्च १८६८ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरले आणि तिथून पायीच सिएरा नेवाडा पर्वतातील योसेमिटी खोऱ्याकडे चालू लागले.

कार्लोसोबतचा उन्हाळा

१८६९ च्या उन्हाळ्यात पॅट डिलेनी नावाच्या मेंढपाळ मालकाने त्यांना काम दिले. सुमारे २,००० मेंढ्या उंच कुरणांकडे न्यायच्या होत्या. मेंढ्या सांभाळायला वेगळा मेंढपाळ होता. त्याच्यावर लक्ष ठेवायचे आणि उरलेल्या वेळात झाडे-फुले पाहत फिरायचे, असा सौदा. ३ जून रोजी कळप निघाला. तिथल्याच एका शिकाऱ्याने आपला सेंट बर्नार्ड जातीचा कुत्रा त्यांच्यासोबत दिला. मैदानातला उन्हाळा या केसाळ कुत्र्याला सोसणार नाही, डोंगरात तो सुखात राहील, हा शिकाऱ्याचा विचार. कुत्र्याचे नाव कार्लो.

म्यूर यांची रोजची रीत साधी होती. पहाटे चहा आणि पाव, कमरेच्या पट्ट्याला बांधलेली वही, आणि चालायला सुरुवात. सुतार पक्ष्यांनी झाडाच्या सालीत भोके पाडून प्रत्येक भोकात ओकचे एकेक फळ कसे ठोकून बसवले आहे, हे त्यांनी टिपले. ती त्या पक्ष्यांची हिवाळ्याची कोठारेच. घरची आठवण करून देणारा रॉबिन पक्षी इतक्या उंचीवर भेटला, तेव्हा जुना सोबती भेटल्यासारखा आनंद त्यांना झाला. बंदूक त्यांच्याजवळ नसे.

कुत्रा सोबत असण्याचा खरा उपयोग एका सकाळी कळला. छावणीपासून अर्ध्या मैलावर, पुढे चालणारा कार्लो एकदम थांबला. कान पडले, शेपूट खाली गेली, नाक पुढे झाले. म्यूर यांना काहीच दिसत नव्हते. कुत्र्याच्या खुणेवर विश्वास ठेवून ते हळूहळू झाडाआड गेले, तर फुलांनी भरलेल्या कुरणात एक मोठे अस्वल उभे! माणूस दिसताच अस्वल पळते, असे त्यांनी ऐकले होते. ते पळताना कसे दिसते हे पाहावे म्हणून ते ओरडत त्याच्याकडे धावले. अस्वल जागचे हलले नाही. मान खाली घालून ते रोखून पाहू लागले. आता पळावेसे वाटले ते म्यूर यांना. पण तेही उभे राहिले. बऱ्याच वेळाने अस्वल सावकाश वळले आणि निघून गेले. मुलांनो, म्यूर यांचे हे धावणे अनुकरणीय नाही. परंतु कुत्र्याने जे नाकाने जाणले ते मान्य करून थांबणे, यात मोठा धडा आहे. आपल्यापेक्षा चांगले जाणणारे कोणी सोबत असेल, तर त्याच्या पावलाने चालावे.

त्या उन्हाळ्यात त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. ज्या कुरणातून मेंढ्या गेल्या, तिथे मागे फुलांचे नाव उरत नव्हते, जणू टोळधाड गेली. ते स्वतः त्याच कळपासोबत चालत होते. पुढे या कुरणांच्या रक्षणासाठी त्यांनी जे लिहिले त्याचे बीज इथे होते.

धबधब्यातला पक्षी

योसेमिटीत म्यूर काही वर्षे राहिले. पोटासाठी लाकूड कापण्याच्या गिरणीत कामही केले. त्या काळात एका पक्ष्याशी त्यांची जी मैत्री जमली ती आयुष्यभर टिकली. तो पक्षी म्हणजे वॉटर औझल. आज त्याला अमेरिकन डिपर म्हणतात. रंगाने राखाडी, बांध्याने गोलमटोल, शेपूट आखूड. रूप असे की चटकन कोणी वळून पाहणार नाही. पण हा पक्षी खळाळत्या ओढ्यात बुडी मारतो, पंखांनी वल्ह्यासारखे पाणी कापतो आणि तळाच्या दगडांवर चालत पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या शोधून खातो. दगडावर बसला की सारखा गुडघ्यात वाकून उठाबशा काढल्यासारखे करतो. त्याचे घरटे शेवाळाचे, सुमारे फूटभर रुंदीचे, गोल घुमटासारखे. बहुतेकदा ते धबधब्याच्या तुषारांत असते आणि म्हणून ते शेवाळ हिरवेगार, जिवंत राहते.

हिवाळ्यात योसेमिटीत बर्फाचे वादळ सुटले, की म्यूर मुद्दाम बाहेर पडत. अशाच एका सकाळी त्यांनी पाहिले की इतर पक्षी पिसे फुलवून, अंग चोरून, उदास बसले आहेत. नदीकाठी हा एकटा राखाडी पक्षी मात्र थंडगार पाण्यात बुड्या मारून वर येत होता आणि गात होता. पाणी गोठले नाही तोवर त्याचे अन्न संपत नाही, म्हणून त्याचे गाणेही बंद पडत नाही. ओढ्याला पूर असेल तेव्हा हा पक्षी कुठे बसतो, पाणी ओसरल्यावर कुठे जातो, पिलांना कसे भरवतो, हे सर्व त्यांनी अनेक वर्षे, सर्व ऋतूंत पाहिले. १८७८ साली एका मासिकात त्यांनी या पक्ष्यावर लेख लिहिला. १८९४ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकातही या पक्ष्याला एक पूर्ण प्रकरण दिले आहे. पुढे अलास्काच्या हिमनद्यांच्या प्रदेशात हाच पक्षी भेटला, तेव्हा परदेशात गाववाला भेटावा तसे त्यांना झाले.

या पक्ष्याचा एक भाऊबंद, तपकिरी डिपर, आपल्या हिमालयातील ओढ्यांतही राहतो. सुट्टीत हिमाचल किंवा उत्तराखंडात जाल, तेव्हा खळाळत्या पाण्यातल्या दगडांकडे थोडा वेळ लक्ष देऊन पाहा.

स्टिकीन

आता म्यूर यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध सकाळ. वर्ष १८८०, स्थळ अलास्का. मिशनरी एस. हॉल यंग आणि काही स्थानिक नावाडी यांच्यासह ते होडीतून हिमनद्यांचा अभ्यास करत होते. यंग यांचा एक छोटा काळा कुत्रा सोबत होता. पाय आखूड, अंगावर लांब केस, शेपूट खारीसारखी झुबकेदार. त्याचे नाव स्टिकीन. तो कोणाच्या फारसा जवळ येत नसे आणि अशा मोहिमेवर या इवल्या जिवाचा काय उपयोग, असे म्यूर यांनाही वाटत असे.

३० ऑगस्टच्या पहाटे वादळी पाऊस सुरू होता. म्यूर सगळ्यांच्या आधी उठले, हातात बर्फाची कुऱ्हाड घेतली, खिशात पावाचा तुकडा टाकला आणि निघाले. स्टिकीन मागे लागला. परत पाठवले तरी जाईना. दोघांनी मिळून मैलोन्‌मैल पसरलेली हिमनदी ओलांडली. परतताना संध्याकाळ झाली, बर्फ पडू लागला आणि ते भेगांच्या जाळ्यात सापडले. एक भेग म्यूर यांनी उडी मारून पार केली, पण पलीकडचा काठ खालच्या पातळीवर होता. आता परतीची वाट बंद. पुढे त्याहून मोठी भेग, सुमारे ५० फूट रुंद आणि तळ न दिसणारी. तिच्यावर बर्फाचा एकच पूल होता. तिरका, सुमारे ७० फूट लांब, सुरीच्या पात्यासारखा धारदार. त्याची दोन्ही टोके काठापासून आठ-दहा फूट खाली भिंतीला चिकटलेली आणि मधला भाग आणखी खाली झुकलेला.

म्यूर यांनी उभ्या भिंतीत पायऱ्या खोदल्या, पुलावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसले आणि पुढे सरकत सरकत त्याची धार कुऱ्हाडीने तासून चार-पाच बोटे रुंद सपाट केली. कुत्र्याला चालता यावे एवढ्यासाठी. पलीकडची भिंत पायऱ्या खोदत ते वर चढले. मागे स्टिकीन एकटा राहिला. दिवसभर कशालाही न भ्यालेला तो कुत्रा आता मोठमोठ्याने रडू लागला. दुसरी वाट शोधत धावला, परत आला, पुन्हा रडला. म्यूर त्याला लहान मुलाशी बोलावे तसे बोलत राहिले. अखेर तो गप्प झाला, एकेक पाय जपून टाकत खाली उतरला, तो अरुंद पूल चालून आला आणि पायऱ्यांवरून झेप घेत वर पोहोचला. मग त्याच्या आनंदाला सीमा राहिली नाही. तो गरगर फिरला, लोळला, धावत दूर गेला आणि परत येऊन म्यूर यांच्या अंगावर झेपावला. रात्री दहाच्या सुमारास दोघे छावणीत परतले. त्या दिवसापासून स्टिकीनने त्यांची सोबत सोडली नाही.

ही हकीकत मासिकात छापून आली ती १८९७ साली, आणि पुस्तकरूपाने १९०९ साली. मधली इतकी वर्षे म्यूर ती तोंडी सांगत राहिले, कारण त्यांना जे वाटले होते ते नेमक्या शब्दांत उतरत नव्हते. त्यांना वाटले होते ते असे की भीती, विचार, निर्धार आणि सुटकेचा आनंद हे त्या छोट्या प्राण्यातही अगदी माणसासारखेच असतात. त्यानंतर कोणताही प्राणी त्यांना परका वाटला नाही. १८८३ साली एका प्रवाशाने स्टिकीनला चोरून बोटीने नेले आणि त्याचे पुढे काय झाले ते कधीच कळले नाही.

लेखणी आणि लढा

१८८० सालीच म्यूर यांचा लुई स्ट्रेंट्झेल यांच्याशी विवाह झाला होता. त्यांना वांडा आणि हेलन या दोन मुली झाल्या. मार्टिनेझ येथील फळबागा त्यांनी मेहनतीने सांभाळल्या. परंतु डोंगर पुन्हा बोलावत होते. संपादक रॉबर्ट अंडरवूड जॉन्सन यांच्या आग्रहाने त्यांनी लेख लिहिले आणि १८९० साली योसेमिटी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १८९२ साली सिएरा क्लब ही संस्था निघाली आणि म्यूर अखेरपर्यंत तिचे अध्यक्ष राहिले. मे १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांच्यासोबत तीन रात्री योसेमिटीत उघड्यावर काढल्या. त्यानंतर म्यूर जगप्रवासाला निघाले. त्या प्रवासात ते भारतातही आले आणि हिमालयातील देवदार त्यांनी पाहिले.

रूझवेल्ट स्वतः पक्ष्यांचे उत्तम जाणकार. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी एक गमतीची नोंद केली आहे. म्यूर यांना पक्ष्यांचे फारसे ज्ञान नाही आणि जवळच गाणाऱ्या पक्ष्याकडेही त्यांचे लक्ष नसते, याचे त्यांना आश्चर्य वाटले. वॉटर औझलसारखे काही मोजके पक्षी मात्र म्यूर यांच्या आवडीचे, हेही त्यांनी लिहिले. आम्हाला ही नोंद फार मोलाची वाटते. म्यूर यांनी पक्ष्यांची लांबलचक यादी केली नाही. थोडे पक्षी निवडले आणि ते मन लावून पाहिले. एकाच पक्ष्याला अनेक हिवाळे-उन्हाळे पाहणाऱ्याला तो पक्षी, तो ओढा, तो बर्फ आणि तो डोंगर हे सगळे मिळून समजते. मग त्यातले काही नष्ट होऊ लागले की तो गप्प बसू शकत नाही.

म्यूर यांचा शेवटचा लढा हेच सांगतो. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को शहराला पाण्यासाठी धरण हवे होते आणि त्यासाठी उद्यानातील हेच हेची हे खोरे बुडणार होते. म्यूर अनेक वर्षे विरोधात लिहीत राहिले. डिसेंबर १९१३ मध्ये धरणाच्या बाजूने कायदा झाला. म्यूर हरले. त्यानंतर एक वर्षाने, २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिस येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात जगातील शेवटचे प्रवासी कबुतर मरण पावले होते. ज्यांचे थवे तासन्‌तास डोक्यावरून वाहताना जॉनने लहानपणी पाहिले, ती जात त्यांच्या डोळ्यांदेखत संपली. शिकार आणि जंगलतोड यांनी ती संपवली.

जे त्यांना दिसले नाही

थोरांचे चरित्र सांगताना त्यांची उणी बाजू लपवू नये, असे आम्ही मानतो. योसेमिटी खोऱ्यात शतकानुशतके अहवानीची लोक राहत होते. १८५१ साली सशस्त्र तुकडीने त्यांना तिथून हुसकावले. म्यूर यांनी मात्र त्या भूमीचे वर्णन जणू तिथे कोणी राहतच नव्हते असे केले आणि तरुणपणी मूळ रहिवाशांविषयी तुच्छतेनेही लिहिले. अलास्कातील लोकांसोबत राहिल्यावर त्यांचे मत बरेच बदलले. तरी २०२० साली त्यांच्याच सिएरा क्लबने या लिखाणाचा दोष जाहीरपणे मान्य केला. पाण्याखाली चालणारा पक्षी ज्या डोळ्यांना दिसला, त्या डोळ्यांना जवळची माणसे दिसली नाहीत. पाहण्याची विद्या कधी पुरी होत नाही, हे यातून आपण सर्वांनी शिकावे.

आपल्यासाठी

सिएरा नेवाडा आपल्यापासून फार दूर आहे, पण सकाळ सर्वांची सारखीच असते. २०२२ साली आपल्या इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेले. रालामंडलची टेकडी आहे, जानापावचा डोंगर आहे. मुलांनो, या वर्षी प्रत्येकाने एकच पक्षी निवडावा. मैना चालेल, बुलबुल चालेल, तांबट चालेल. वर्षभर त्याच्याविषयी वहीत लिहावे. तारीख, वेळ, तो कुठे होता, काय करत होता, एवढे पुरे. घरी कुत्रा असेल तर त्याला जरूर फिरायला न्या, पण दोरी सोडू नका. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि मोकळा कुत्रा तिची अंडी क्षणात संपवू शकतो. अभयारण्यात तर त्याला नेऊच नका.

पालकांना विनंती की आठवड्यातून एक सकाळ मुलांसोबत चालावे आणि त्या वेळी मोबाइल खिशात ठेवावा. आपल्या विश्वस्त मंडळींनाही एक नम्र विनंती. आवारातील झाडांच्या छाटणीची वेळ घरटी पाहून ठरवावी आणि धोका नसेल तिथे एखादी वाळकी फांदी तशीच राहू द्यावी. तांबट पक्षी अशाच फांदीत ढोली कोरून पिले वाढवतो. म्यूर यांना वाचनपुस्तकातल्या दोन धड्यांनी वाट दाखवली. आपल्या मुलांपैकी कोणाला ती वाट शाळेच्या खिडकीतून दिसणाऱ्या एखाद्या ढोलीनेही दाखवावी, एवढीच आमची इच्छा आहे.